सॉफ्ट टॉप थार: हूड लावलेले असताना मागच्या कोपऱ्यांतले ब्लाइंड स्पॉट कसे सांभाळावेत?

वारजेकर_थार (प्रश्न)

नमस्कार मंडळी.

आमच्याकडे महिंद्राची थार आहे, २०२० साली आलेल्या पिढीतली, कापडी हूड मागे घडी करता येणारी. हूड उघडे असते तेव्हा मान वळवली की सगळा रस्ता दिसतो. पावसाळ्यात किंवा शहरातल्या धुळीत हूड लावावेच लागते, आणि मग मागचे दोन्ही कोपरे जवळजवळ नाहीसे होतात. कापडाला शिवलेल्या मागच्या पारदर्शक खिडक्यांतून काचेसारखे स्वच्छ दिसत नाही, त्यांच्या आड रोल केजचे (गाडी उलटली तर आतल्यांना वाचवणाऱ्या लोखंडी चौकटीचे) खांब आणि मागच्या सीटचे हेडरेस्ट येतात, आणि आतल्या आरशात मधोमध मागच्या दरवाज्यावरची स्टेपनी दिसते.

दोन ठिकाणी याचा मला विशेष त्रास होतो. पहिले म्हणजे सर्व्हिस रोडवरून मुंबई–बंगळूर महामार्गाच्या पुणे बाह्यवळणावर शिरताना. तेथे गाडी तिरकी असते, उजवीकडून मागून ट्रक आणि बसगाड्या वेगाने येत असतात, आणि नेमके त्याच दिशेला हूडचे कापड आड येते. दुसरे म्हणजे शहरात डावीकडे वळताना. डाव्या आरशात कोणी नाही असे पाहून गाडी वळवू लागावे, तोच एखादी स्कूटर दरवाज्याच्या बाजूने पुढे येते.

आरसे बसवण्याची काही निश्चित पद्धत आहे का, चिकटवायचे छोटे गोल आरसे उपयोगी पडतात का, आणि वेगळे सेन्सर बसवून घ्यावेत का, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे. आणखी एक गोष्ट सांगून ठेवतो: ही गाडी मी आणि माझी पत्नी दोघेही चालवतो आणि आमच्या उंचीत बराच फरक आहे.

करवीर_सारथी

नमस्कार. मी कोल्हापुरात मोटार ड्रायव्हिंग शिकवतो, त्यामुळे या विषयावर थोडे सविस्तर लिहितो.

आरशाला हात लावण्यापूर्वी सीट नीट लावावी, कारण डोळ्यांची जागा बदलली की तिन्ही आरशांतले चित्र बदलते. तुम्ही दोघे गाडी चालवत असाल, तर प्रत्येक वेळी सीट, आतला आरसा आणि बाजूचे आरसे याच क्रमाने सगळे पुन्हा लावायला हवे. यात अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ जात नाही, पण नेमके हेच बहुतेक घरांत टाळले जाते.

आता बाजूचे आरसे. आपल्यापैकी बहुतेकांना आरशात स्वतःच्या गाडीची बाजू दिसली की बरे वाटते आणि आरसा योग्य लागला असे वाटते. प्रत्यक्षात त्या चित्राचा मोठा भाग आतल्या आरशात आधीच दिसत असतो, म्हणजे एकच जागा आपण दोनदा पाहतो आणि शेजारच्या लेनचा तुकडा मात्र कोणत्याच आरशात येत नाही. म्हणून आरसे बाहेरच्या बाजूला वळवावेत. उजव्या आरशासाठी डोके उजव्या खिडकीच्या काचेपाशी न्यावे आणि त्या स्थितीत गाडीची बाजू आरशाच्या आतल्या कडेला जेमतेम दिसेल इतका आरसा बाहेर वळवावा. डाव्या आरशासाठी दोन्ही सीटच्या मध्यावर झुकावे आणि तसेच करावे. सरळ बसल्यावर मग आपली गाडी आरशात दिसत नाही, शेजारची लेन दिसते. सुरुवातीला हे अंगवळणी पडत नाही, म्हणून मोकळ्या रस्त्यावर सवय करून घ्यावी.

पण ही पद्धत थारच्या हूडला जशीच्या तशी लावू नका, असे मी आग्रहाने सांगेन. आतल्या आरशात मागचा सगळा रस्ता कडेपासून कडेपर्यंत दिसतो, हे तिच्यात गृहीत धरलेले आहे. साध्या सेडानमध्ये ते खरे असते. तुमच्या गाडीत मात्र हूड लावल्यावर आतल्या आरशातले दृश्य अरुंद होते आणि मध्ये स्टेपनी येते. अशा वेळी बाजूचे आरसे पूर्ण बाहेर वळवले, तर शेजारच्या लेनमधले वाहन दिसू लागेल, पण तुमच्या मागच्या चाकाला चिकटून येणारा दुचाकीस्वार दोन आरशांच्या मधल्या फटीत हरवेल. म्हणून हूड लावलेले असताना आरसे त्या पद्धतीपेक्षा थोडे आत हवेत, आणि हूड उघडे असताना तितके बाहेर चालतील. किती आत, हे पुस्तकातून ठरत नाही; तुमच्या गाडीवर आणि तुमच्या उंचीवर ते तपासूनच ठरवावे लागते.

तपासण्याची रीत सोपी आहे. एखाद्या मोकळ्या मैदानात गाडी उभी करा, इंजिन बंद ठेवा आणि घरातल्या कोणाला तरी स्कूटर घेऊन मागून अगदी सावकाश, आधी उजव्या बाजूने आणि मग डाव्या बाजूने पुढे यायला सांगा. स्कूटर आतल्या आरशातून बाहेर पडण्याआधी बाजूच्या आरशात दिसू लागली पाहिजे, आणि बाजूच्या आरशातून निघण्याआधी मान फार न वळवता डोळ्याच्या कोपऱ्यात आली पाहिजे. जिथे ती नाहीशी होते तिथे जमिनीवर खडूने खूण करा. हूड लावून आणि हूड उघडून, दोन्ही प्रकारे हे करा. खुणा केल्यावर खाली उतरून त्या जागेवर स्वतः उभे राहा. आपल्या गाडीजवळ एवढी मोठी जागा आपल्याला दिसतच नाही, ही गोष्ट त्यानंतर मनातून जात नाही.

आरसे कितीही चांगले लावले तरी लेन बदलण्यापूर्वी खांद्यावरून एक नजर टाकावीच लागते. मात्र ती नजर म्हणजे मागे वळून पाहणे नव्हे. हनुवटी खांद्याच्या रेषेपर्यंत आणायची, बाजूच्या खिडकीतून पाहायचे आणि लगेच पुढे. ताशी ८० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात २२ मीटर पुढे जाते, म्हणून समोरच्या वाहनापासून पुरेसे अंतर असेल तरच मान वळवावी.

एक बाब सहसा कोणी बोलत नाही. तुमच्यापेक्षा ताशी २० किलोमीटर अधिक वेगाने येणारे वाहन दर सेकंदाला साडेपाच मीटर पुढे सरकते, म्हणजे तुमच्या चार मीटर लांबीच्या थारच्या मागच्या टोकापासून पुढच्या टोकापर्यंत त्याचे नाक एका सेकंदाच्या आत पोहोचते. ते आधी आरशात दिसते, मग क्षणभर लपते आणि पुढे येते. खरा धोका तुमच्याच वेगाने, तुमच्याच बाजूला चालत राहणाऱ्या वाहनाचा आहे, कारण ते मिनिटभरसुद्धा न दिसणाऱ्या जागेत राहू शकते. म्हणून बाजूला कोणी आहे की नाही याची शंका असेल, तेव्हा वेग किंचित कमी करा. ते वाहन पुढे निघून जाईल आणि तुम्हाला दिसेल.

गतिरेखा

सारथींचे उत्तर उत्तम आहे. मी फक्त सर्व्हिस रोडवरून शिरण्याबद्दल लिहिते, कारण मी रोज याच बाह्यवळणावरून कार्यालयात जाते आणि ती जागा मला चांगली माहीत आहे.

तेथे अडचण आरशापेक्षा गाडीच्या कोनाची आहे. बाजूचा आरसा गाडीच्या मागच्या दिशेपासून थोडाच बाहेरचा भाग दाखवतो. गाडी महामार्गाला समांतर असेल, तर मागून येणारी वाहने त्या भागात येतात. गाडीचे नाक महामार्गाकडे तीसएक अंशांत वळलेले असेल, तर मागून येणारा ट्रक आरशाच्या चित्राबाहेर जातो आणि नेमका उजव्या मागच्या कोपऱ्यात येतो, म्हणजे जिथे तुमच्या हूडचे कापड आहे तिथेच. खांद्यावरून पाहिले तरी कापडच दिसते. उलट गाडी महामार्गाला जवळजवळ काटकोनात उभी असेल, तर येणारी वाहने बाजूच्या खिडकीतून स्वच्छ दिसतात. त्यामुळे समांतर स्थिती चांगली, काटकोनही चांगला, आणि मधला तिरका कोन सर्वांत वाईट.

म्हणून जिथे जागा आहे तिथे सर्व्हिस रोडच्या शेवटी गाडी आधी महामार्गाला समांतर करून घ्यावी, इंडिकेटर देऊन काही क्षण तशीच सरळ चालवावी, आरशात पूर्ण लेन दिसली की वेग जुळवावा आणि मगच सरकावे. जिथे थांबूनच शिरावे लागते तिथे तिरके थांबू नये. मागचे लोक हॉर्न वाजवतील आणि डावीकडून एखादा रिक्षावाला नाक घालेल, तरीही. शेजारी बसलेल्या व्यक्तीला "येतंय का बघ" असे विचारून निर्णय घेण्याची पद्धत मला मुळीच मान्य नाही, कारण ती व्यक्ती वाहन पाहते, त्याचा वेग आणि तुमच्या गाडीला लागणारी जागा यांचा अंदाज तिच्याकडे नसतो.

नवीन कात्रज बोगद्याकडून नवले पुलाकडे येणाऱ्या उतारावर तर अधिकच जपावे. त्या उतारावर जड वाहने ब्रेकवर ताबा ठेवत उतरत असतात आणि तुम्ही समोर आलात म्हणून ती झटकन वेग कमी करू शकत नाहीत. तेथे आरशात ट्रक लांब दिसत असला तरी मी थांबते.

आणि बहिर्वक्र आरशाबद्दल. आपल्याकडच्या गाड्यांचे बाजूचे आरसे बहुधा बहिर्वक्र असतात, त्यामुळे अधिक जागा दिसते पण वाहन आहे त्यापेक्षा लहान आणि दूर वाटते. वाहन आहे की नाही हे बाजूच्या आरशावरून ठरवावे. ते किती जवळ आहे हे मात्र शक्य असेल तेव्हा आतल्या सपाट आरशावरून ठरवावे.

वारजेकर_थार

दोघांचेही मनापासून आभार. कोनाचा मुद्दा मी कधी लक्षात घेतला नव्हता. डावीकडे वळतानाच्या दुचाकींबद्दल आणि सेन्सरबद्दल कोणी सांगू शकेल का? तसेच दुसऱ्या देशांत कन्व्हर्टिबल चालवणारे कोणी येथे असल्यास तेथे काय करतात हे वाचायला आवडेल.

पॅसाडिनाची_पायवाट

मी लॉस एंजेलिसजवळ पॅसाडिना येथे राहते आणि माझदा एमएक्स-५ चालवते, कापडी छपराची दोन आसनी गाडी. येथे वाहतूक उजव्या बाजूने चालते आणि चालक डावीकडे बसतो, त्यामुळे माझे वर्णन वाचताना डावे-उजवे उलटे करून घ्यावे.

सारथींनी आरसे बाहेर वळवण्याची जी पद्धत सांगितली आहे, ती येथे जॉर्ज प्लॅट्झर या अभियंत्याच्या नावाने ओळखली जाते. १९९५ साली एसएई या वाहन अभियंत्यांच्या संस्थेसाठी लिहिलेल्या शोधनिबंधात त्यांनी आरशांची भूमिती मांडून न दिसणारे भाग का तयार होतात हे दाखवले होते. अमेरिकेत या पद्धतीचे महत्त्व अधिक आहे, कारण येथील नियमानुसार चालकाच्या बाजूचा आरसा सपाटच असावा लागतो. बहिर्वक्र आरसा दुसऱ्या बाजूला चालतो आणि त्यावर 'आरशात दिसणाऱ्या वस्तू वाटतात त्याहून जवळ आहेत' ही सूचना कोरलेली असते. सपाट आरशात अंतर खरे दिसते, पण दिसणारी जागा कमी असते. तुमच्याकडचा बहिर्वक्र आरसा या बाबतीत तुम्हाला अनुकूल आहे.

गतिरेखा यांचा कोनाचा मुद्दा मला रोज अनुभवाला येतो. पॅसाडिना आणि लॉस एंजेलिस यांना जोडणारा अरोयो सेको पार्कवे १९४० साली खुला झाला, आणि त्या काळच्या वेगांना पुरेसे होते म्हणून त्याचे प्रवेशमार्ग अगदी आखूड ठेवले गेले. आजही काही प्रवेशमार्गांच्या टोकाला थांबण्याची पाटी आहे. पूर्ण थांबायचे, आणि उभ्या स्थितीतून थेट वेगवान वाहतुकीत शिरायचे. छप्पर लावलेले असताना अशा ठिकाणी मी थोडी अलीकडे थांबते, गाडी जमेल तितकी सरळ करते, आणि पाठ सीटपासून सोडवून पुढे झुकते. पुढे झुकल्याने दोन गोष्टी होतात: आरशात पाहण्याचा कोन बदलून अधिक बाहेरचे दिसते, आणि खांद्यावरून पाहताना छपराच्या कापडापुढची खिडकीची जागा मोठी होते. थारमध्येही हे जमेल असे वाटते. पट्टा बांधलेला असला तरी सावकाश झुकल्यास तो अडत नाही.

डाव्या बाजूने येणाऱ्या दुचाकींबद्दल तुम्ही लिहिले आहे. कॅलिफोर्नियात दोन लेनमधील वाहनांच्या रांगांमधून मोटारसायकल चालवणे कायदेशीर आहे, आणि २०१७ पासून कायद्यात त्याची स्पष्ट व्याख्याही आहे. त्यामुळे रांगेत अडकलेले असताना आरशात मोकळी जागा दिसली तरी ती मोकळीच राहील असे मी गृहीत धरत नाही. येथील परिवहन खात्याच्या चालक पुस्तिकेत फ्रीवेवर लेन बदलण्यापूर्वी किमान पाच सेकंद इंडिकेटर द्यावा असे सांगितले आहे. मोटारसायकलस्वाराला तुमचा विचार कळण्यासाठी एवढा वेळ हवाच असतो. पुण्यात इंडिकेटर दिला की मागचा चालक अंतर मिटवायला पुढे येतो, हे मला माहीत आहे. तरी जो पुढे आला तो निदान दिसतो, आणि न दिसणाऱ्यापेक्षा तो बरा.

माझी गाडी जेमतेम सव्वा मीटर उंच आहे. त्यामुळे मला काय दिसत नाही याइतकाच, मी कोणाला दिसत नाही हा प्रश्न माझ्यासाठी मोठा आहे. मालवाहू ट्रकच्या अगदी पुढे, अगदी मागे आणि दोन्ही बाजूंना चालकाला न दिसणारे पट्टे असतात, आणि चालकापासून दूरच्या बाजूचा पट्टा सर्वांत रुंद असतो. येथे तो उजवीकडे, तुमच्याकडे डावीकडे. ट्रकच्या आरशात मला त्याच्या चालकाचा चेहरा दिसत नसेल तर त्यालाही मी दिसत नाही, असे समजून मी तेथे रेंगाळत नाही.

करवीर_सारथी

डाव्या वळणाचे माझ्याकडून राहून गेले होते. शहरात डावीकडे वळायचे असेल, तर वळणाच्या बऱ्याच आधी इंडिकेटर देऊन गाडी डाव्या कडेला न्यावी, इतकी की कडेला दुचाकी घुसण्यापुरती जागाच उरू नये. जागा मोकळी ठेवून शेवटच्या क्षणी वळण घेतले की तिथे कोणी ना कोणी येणारच. तो येतो तो बेशिस्तीने, हे खरे. पण त्याला समोर मोकळी वाट दिसत असते. वळण सुरू करताना आधी डावा आरसा, मग डाव्या खिडकीतून एक नजर, आणि मग चाक फिरवायचे. वळताना वेग माणसाच्या चालण्याइतका ठेवावा.

आणखी एक जागा सांगतो, जिचा मागच्या कोपऱ्यांशी संबंध नाही. पुढच्या काचेच्या दोन्ही बाजूंचे खांब. हूड उघडले की सगळे दिसते असे तुम्ही म्हणता, पण हे खांब हूड उघडल्यावरही जागेवरच राहतात. ताम्हिणी घाटात उजव्या वळणावर समोरून येणारी मोटारसायकल उजव्या खांबाच्या आड, वळणाच्या वेगाशी जुळून, बराच वेळ लपून राहू शकते. अशा वळणावर डोके थोडे पुढे आणि थोडे मागे हलवून खांबाच्या दोन्ही बाजूंनी पाहावे. शहरात चौकात उजवीकडे वळताना रस्ता ओलांडणारा माणूसही याच खांबाआड असतो.

नाशिक_ऑटोवायरिंग

सेन्सरबद्दल माझा अनुभव लिहितो. वाहनांचे विद्युतकाम हाच माझा व्यवसाय आहे.

बाजारात दोन प्रकारचे संच मिळतात. एक पार्किंग सेन्सरसारखा, ध्वनिलहरींवर चालणारा. त्याची पोच काही मीटरच असते, त्यामुळे शहरातल्या संथ वाहतुकीत दरवाज्याजवळ आलेली दुचाकी तो सांगतो, पण महामार्गावर वेगाने मागून येणाऱ्या वाहनासाठी त्याचा उपयोग नाही. दुसरा रडारवर चालणारा, बहुधा २४ किंवा ७७ गिगाहर्ट्झचा. त्याची पोच चांगली असते आणि तो वाहनाचा वेगही ओळखतो, पण रडारच्या लहरी प्लास्टिकमधून जातात, धातूमधून जात नाहीत. थारला अनेक जण बाहेरून लोखंडी बंपर बसवून घेतात. तसे असेल तर त्यामागे रडार बसवण्यात अर्थ नाही. सेन्सरवर घाटातला चिखल साचला तरी तो नीट काम करत नाही, म्हणून पावसाळ्यात ती जागा पुसत राहावी लागते. बसवताना कंपनीच्या वायरिंगला चिरा देऊन जोड देणाऱ्याकडे जाऊ नका. वॉरंटीचे काय होईल हे आधी अधिकृत सेवा केंद्रात विचारा.

छोटे गोल आरसे स्वस्त आहेत आणि उपयोगी आहेत, विशेषतः डाव्या बाजूला. ते मुख्य आरशाच्या बाहेरच्या वरच्या कोपऱ्यात चिकटवावेत, कारण खालच्या भागात रस्त्याची कड आणि मागचे चाक पाहावे लागते. त्यात वाहन फार लहान दिसते, म्हणून त्यावरून फक्त 'कोणीतरी आहे' एवढेच समजावे.

आणि कृपा करून हूडच्या पारदर्शक खिडक्यांची निगा राखा, कारण सर्वांत मोठा फरक तिथेच पडतो. त्या कोरड्या फडक्याने कधीही पुसू नयेत. धुळीच्या कणांनी बारीक ओरखडे पडतात आणि समोरून ऊन किंवा मागून दिव्यांचा झोत आला की सगळे पांढुरके दिसते. भरपूर पाण्याने धूळ वाहू द्यावी, सौम्य साबण आणि मऊ सुती कापड वापरावे, अमोनिया असलेला काच पुसण्याचा द्रव वापरू नये. धूळ असताना हूडची घडी करू नये. गडद फिल्म तर लावूच नये. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश आरपार जायला हवा, आणि २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने काचांवर फिल्म लावण्यालाच मनाई केली होती.

वारजेकर_थार

सर्वांचे आभार. आज सकाळी सोसायटीच्या मोकळ्या जागेत सारथींनी सांगितल्याप्रमाणे स्कूटर आणि खडू घेऊन तपासणी केली. हूड लावलेले असताना स्कूटर डाव्या बाजूला मागच्या चाकापासून पुढच्या दरवाज्याच्या मध्यापर्यंत पूर्ण नाहीशी होत होती. डावा आरसा थोडा बाहेर आणि किंचित खाली घेतल्यावर ती जागा बरीच कमी झाली. पत्नीच्या सीटच्या स्थितीत मात्र तो पट्टा वेगळ्याच ठिकाणी येतो, म्हणून तिच्यासाठी वेगळ्या खुणा केल्या आहेत.

डाव्या बाजूला गोल आरसा लावणार आहे. रडारचा विचार तूर्त सोडून दिला, कारण माझ्या गाडीला मागे लोखंडी बंपर आहे. गतिरेखा, वारज्याच्या पुलाखालून वर येणाऱ्या रस्त्यावर समांतर होण्याइतकी जागा मला अजून सापडलेली नाही. तेथे तुम्ही थांबून काटकोनात शिरता, की पुढच्या प्रवेशमार्गापर्यंत सर्व्हिस रोडनेच जाता?

गतिरेखा

पुढच्या प्रवेशमार्गापर्यंत जाते. काही मिनिटे जास्त लागतात, पण तेथे सरळ पट्टा मोठा आहे आणि आरशात पूर्ण लेन दिसते.